मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत गाणारी स्वतंत्र गायिका: करिअर कसं बांधायचं?

दादरचा_पोस्टमन

मंडळी, विषय जरा आडवाटेचा आहे, पण इथे कॅनडातले आणि संगीतात काम करणारे बरेच जण वावरतात म्हणून विचारतो.

भाची मॉन्ट्रियलची. क्वेबेकमध्ये १९७७च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना बहुतेक वेळा फ्रेंच शाळेतच जावं लागतं. त्यामुळे शाळा फ्रेंच, मित्रमंडळी अर्धी इंग्रजी आणि घर मराठी. स्वतः लिहिते, स्वतः चाली बांधते. आठ गाणी तयार आहेत: पाच फ्रेंच, तीन इंग्रजी. दोन फ्रेंच गाण्यांची इंग्रजी रूपंही लिहून झाली आहेत. लेबल नाही, मॅनेजर नाही, मास्टर रेकॉर्डिंगची मालकी तिचीच राहणार.

प्रश्न असे:
१. दोन्ही भाषांचा एकच अल्बम काढावा की वेगवेगळे?
२. रेडिओ आणि अनुदान यांत भाषेमुळे नेमका काय फरक पडतो?
३. एकाच गाण्याच्या दोन भाषांतल्या आवृत्त्यांची नोंदणी कशी करायची?
४. पैसे कुठून कुठून येतात आणि कुठे अडकतात?

"आवड आहे ना, मग गात राहा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरी भरपूर मिळतात.

---

मेपलपान

पहिली गोष्ट, "द्विभाषिक बाजारपेठ" अशी काही चीज तिथे नाही. एकाच शहरात दोन उद्योग शेजारी शेजारी चालतात. रेडिओ वेगळा, अनुदानाची खिडकी वेगळी, पुरस्कार वेगळे, समीक्षकही वेगळे. गायिका खुशाल द्विभाषिक असू दे, पण तिचा प्रत्येक प्रोजेक्ट कुठल्या खिडकीत जाणार हे स्टुडिओ बुक करण्याआधी ठरलेलं हवं. माझ्या मते तुमच्या चारही प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

रेडिओ घ्या. कॅनडात नियम सीआरटीसी ही प्रसारण नियामक संस्था ठरवते. फ्रेंच स्टेशनांना आठवड्याभरात वाजणाऱ्या लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ६५ टक्के गाणी फ्रेंच लावावी लागतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळेत किमान ५५ टक्के. ही दुसरी अट मुद्दाम आहे, नाहीतर सगळी फ्रेंच गाणी रात्री दोन वाजता लावून कोटा भरला असता. भाचीचं फ्रेंच गाणं या ६५ टक्क्यांत स्पर्धा करतं. तिचं इंग्रजी गाणं मात्र त्याच स्टेशनवर उरलेल्या ३५ टक्क्यांत जातं, आणि तिथे अख्ख्या जगाचे हिट रांगेत उभे असतात. एका स्वतंत्र गायिकेसाठी यापेक्षा वाईट जागा नाही.

मॉन्ट्रियलच्या इंग्रजी स्टेशनांवर भाषेचा कोटा नाही, कॅनेडियन गाण्यांचा आहे: लोकप्रिय संगीतात ३५ टक्के. पण टोरांटो आणि व्हँकुव्हरची मोठी नावं तो सहज भरून काढतात. म्हणून सुरुवात विद्यापीठांच्या रेडिओपासून करा. फ्रेंचसाठी मॉन्ट्रियल विद्यापीठाचा सीआयएसएम ८९.३, इंग्रजीसाठी मॅकगिलचा सीकेयूटी ९०.३ आणि कॉन्कॉर्डियाचा सीजेएलओ १६९० एएम. सार्वजनिक प्रसारणातही दोन दारं आहेत, फ्रेंचला 'ईसी म्युझीक' आणि इंग्रजीला 'सीबीसी म्युझिक'. ईमेलमध्ये गाण्याची वेव्ह फाइल उतरवून घेण्याची लिंक, मुख्य गाणं कुठलं, कालावधी, भाषा आणि कॅनेडियन निकषांची स्थिती एवढंच असावं. फ्रेंच स्टेशनला इंग्रजी ईमेल पाठवणं हा सगळ्यात नेहमीचा गाढवपणा.

आता अनुदान. अनुदान देणाऱ्या संस्था दोन: फॅक्टर १९८२पासून आहे आणि मुख्यतः इंग्रजी संगीताकडे बघतं. म्युझिकाक्सियों १९८५पासून, मुख्यतः फ्रेंचकडे. त्यांच्या जोडीला क्वेबेक सरकारची सोडेक, जी प्रामुख्याने कंपन्यांना मदत करते, आणि वैयक्तिक कलाकारांसाठी 'कॉन्सेय दे झार ए दे लेत्र'. शिवाय देशपातळीवर कलांना अनुदान देणारी कॅनडा कौन्सिल. शेवटच्या दोन ठिकाणी भाषेचा काच कमी, कलात्मक प्रस्तावाला वजन जास्त. पहिल्या दोन ठिकाणी भाषेचं प्रमाण हा पात्रतेचाच मुद्दा असतो.

हे किती शब्दशः घेतात याचं उदाहरण गाजलेलं आहे. डेड ओबीज या मॉन्ट्रियलच्या रॅप गटाचा अल्बम २०१६ साली आला, फ्रेंच-इंग्रजी सरमिसळ भाषेतला. म्युझिकाक्सियोंची अट होती ७० टक्के फ्रेंचची. शब्द मोजले गेले, फ्रेंच साधारण ५५ टक्के भरले आणि १८ हजार डॉलरचं अनुदान हातचं गेलं. त्यावरून तिथल्या वर्तमानपत्रांत भरपूर धुरळा उडाला, पण नियम नियमाच्या जागी राहिला. तेव्हा अर्ज करण्याआधी गीतांची फाइल उघडून शब्द मोजा. ध्रुवपद जितक्या वेळा गायलं जातं तितक्या वेळा धरून आणि एकदाच धरून, अशा दोन्ही पद्धतींनी मोजा, आणि कार्यक्रम अधिकाऱ्याला कुठली पद्धत लागू ते लेखी विचारा. ते उत्तर देतात, लोक विचारत नाहीत.

आणखी एक मेख: बहुतेक योजनांत अर्जाच्या तारखेआधी झालेला खर्च धरत नाहीत. आधी रेकॉर्डिंग उरकून मग अनुदान मागायला गेलं की स्टुडिओचं बिल बाद.

तर पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: पाच फ्रेंच गाण्यांचा ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच) आधी. इंग्रजी तीन गाणी वेगळी, नंतर. आठांचा एकत्र अल्बम केला तर ६२ टक्के फ्रेंच भरतं, म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे.

---

रागदारी_ते_रॉक

@मेपलपान, बाकी सगळं पटलं, पण "ना इकडे ना तिकडे" जरा जास्त होतंय. शार्लोट कार्दँचा २०१६चा पहिला ईपी दोन्ही भाषांत होता आणि ती त्यावरच वर आली. लिझा लब्लाँ न्यू ब्रन्सविकची, फ्रेंच अल्बमने नाव झालं, मग २०१४मध्ये इंग्रजी ईपी आणि २०१६मध्ये दोन्ही भाषांचा मिश्र अल्बम. श्रोत्यांना काही अडचण आली नाही. ल्हासा दे सेलाने तर २००३च्या अल्बममध्ये स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी तिन्ही ठेवल्या.

---

मेपलपान

श्रोत्यांना अडचण नसतेच. अडचण फॉर्म भरताना येते. कार्दँच्या मागे पहिल्या ईपीपासून लेबल होतं. लब्लाँ २०१०मध्ये ग्रँबीचा गाण्याचा महोत्सव जिंकली, मग फ्रेंच अल्बम, मग इंग्रजी. क्रम बघा: आधी एका भाषेत पाय रोवला, मग दुसरी. सेलिन दिओंनंही तेच केलं, फक्त प्रचंड मोठ्या प्रमाणावर. आणि १९९०मध्ये पहिला इंग्रजी अल्बम आल्यावर क्वेबेकच्या फेलिक्स पुरस्कारांत "वर्षातली इंग्रजी कलाकार" म्हणून बक्षीस मिळालं तर मंचावर जाऊन ते नाकारलं, मी इंग्रजी कलाकार नाही म्हणून. तिथे कुठल्या रकान्यात नाव पडतं हा राजकारणाचाही भाग आहे. भाचीला हे माहीतच असणार, मामाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

---

हिशेबनीस

तिसरा आणि चौथा प्रश्न माझ्याकडे घेतो. लोक इथे पैसे हरवतात आणि त्यांना कळतही नाही.

गाणं म्हणजे दोन मालमत्ता. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दोन्हींचे पैसे वेगळ्या नळांतून येतात आणि प्रत्येक नळावर वेगळी नोंदणी लागते.

रचनेसाठी सोकॅन, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करणारी कॅनडाची संस्था. गीतकार-संगीतकार म्हणून सभासद व्हायचं. रेडिओ, मैफल, स्ट्रीमिंगवर सार्वजनिक वादनाचे पैसे तिथून. पुनरुत्पादनाचे, म्हणजे गाण्याच्या प्रती काढण्याचे हक्क हा वेगळा करार आहे. २०१८मध्ये सोकॅनने सोद्राक ही क्वेबेकची संस्था घेतल्यापासून तोही तिथेच करता येतो, पण आपोआप होत नाही, वेगळी सही करावी लागते. निम्मे लोक ही सही विसरतात.

मास्टरसाठी शेजारहक्क, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे आणि ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याचे हक्क. इथे भाची दोन भूमिकांत आहे: गायिका म्हणून आणि निर्माती म्हणून. कॅनडात हे पैसे दोन समान भागांत वाटले जातात, अर्धे कलाकारांना, अर्धे निर्मात्याला. गायिकेचा भाग घ्यायला आर्टिस्टी ही क्वेबेकच्या कलाकार संघटनेने काढलेली संस्था, निर्मातीचा भाग घ्यायला सोप्रोक. इंग्रजी बाजूच्या कलाकारांसाठी एमआरओसी वगैरे संस्था आहेत. कलाकार म्हणून एकाच संस्थेकडे जायचं, गाण्याच्या भाषेनुसार दोन ठिकाणी नाव घालायचं नाही. एकाच प्रदेशाचा अधिकार दोन संस्थांना दिला की दोघी दावा करतात आणि वाद मिटेपर्यंत रक्कम गोठते.

अमेरिकेतल्या इंटरनेट आणि उपग्रह रेडिओचे पैसे गोळा करणारी संस्था साउंडएक्स्चेंज. वाटणी ठरलेली: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. आर्टिस्टी किंवा सोप्रोकला अमेरिकेचा अधिकार दिला असेल तर स्वतंत्र नोंदणी करू नका, दिला नसेल तर करा. अमेरिकेतला साधा एफएम रेडिओ मास्टरसाठी एक पैसाही देत नाही, तिथे वाट बघत बसू नका.

आता एकाच गाण्याच्या दोन आवृत्त्या. आयएसआरसी हा ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षरांचा क्रमांक: दोन अक्षरं सुरुवातीची, तीन नोंदणी करणाऱ्याची, दोन वर्षाची, पाच अनुक्रमाची. फ्रेंच आवृत्तीला एक, इंग्रजीला दुसरा, नुसत्या वाद्यांच्या ट्रॅकला तिसरा. वाद्यं तीच आहेत म्हणून क्रमांक तोच ठेवला की रेडिओवर वाजलेली आवृत्ती कुठली हे यंत्रणेला कळत नाही.

सोकॅनमध्ये फ्रेंच मूळ रचना एक नोंद, इंग्रजी रूपांतर दुसरी नोंद, मूळ रचनेशी जोडलेली. रूपांतर दुसऱ्या कोणी लिहिलं असेल, समजा मैत्रिणीने इंग्रजी शब्द बसवले, तर तिचा वाटा फक्त त्या नोंदीत आणि शब्दांच्या अर्ध्या भागातून, चालीच्या भागाला हात नाही. मूळ फ्रेंच आवृत्तीत तिला काही मिळत नाही. हे सगळं रेकॉर्डिंगच्या दिवशीच एका कागदावर टक्के लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवायचं. गाणं चाललं की मैत्री पातळ होते. आणि दुसऱ्या कोणाच्या प्रसिद्ध गाण्याचं फ्रेंच रूपांतर करायचं असेल तर मूळ प्रकाशकाची लेखी परवानगी आधी. जसंच्या तसं गाणं पुन्हा गायला परवान्याची सरळ वाट असते, शब्द बदलायला नाही.

गाणी स्पॉटिफाय, अॅपल म्युझिकवर चढवणाऱ्या वितरकाच्या फॉर्ममध्ये तीन ठिकाणी चुका होतात. (अ) भाषा: शीर्षकाची भाषा आणि गीताची भाषा हे वेगळे रकाने आहेत, दोन्ही भरा. मिश्र गाण्यात ज्या भाषेचं प्रमाण जास्त ती. (आ) फ्रेंच शीर्षकात फक्त पहिला शब्द आणि विशेषनामं मोठ्या अक्षराने, इंग्रजीसारखं प्रत्येक शब्दाला मोठं अक्षर दिलं की अॅपल म्युझिककडून फाइल परत येऊ शकते. (इ) नावातली स्वरचिन्हं: एका ठिकाणी ई वर चिन्ह आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, की दोन वेगळी कलाकार-पानं तयार झाली. ती जोडून घेण्यात आठवडे जातात.

वितरक अमेरिकेचा असेल तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेचा कराचा फॉर्म भरलाच पाहिजे. कॅनडा-अमेरिका करारानुसार संगीताच्या स्वामित्वशुल्कावर कपात शून्य, फॉर्म नसेल तर ३० टक्के.

विक्रीकराची मर्यादा: लागोपाठच्या चार तिमाहींत उलाढाल ३० हजार डॉलरच्या वर गेली की जीएसटी ५ टक्के आणि क्वेबेकचा ९.९७५ टक्के, दोन्हींची नोंदणी सक्तीची. सुरुवातीला ती वेळ येत नाही, पण मैफलींचं मानधन, टीशर्ट, सीडी सगळं एकत्र धरायचं असतं.

---

खर्जातला_सा

वर सगळा कागदांचा संसार झाला, आता थोडं गळ्याबद्दल. दोन इंग्रजी रूपं "लिहून झाली आहेत" म्हणालात, ती गाऊन तपासली आहेत का?

फ्रेंचमध्ये शब्दागणिक ठरलेला आघात नाही, तो वाक्यखंडाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा आघात ठरलेला आहे. त्यामुळे फ्रेंचमध्ये चाल कुठेही वळली तरी कानाला खटकत नाही. त्याच चालीवर इंग्रजी शब्द ठेवले आणि समेवर चुकीचं अक्षर आलं की परदेशी माणूस गातोय असं वाटतं, उच्चार कितीही शुद्ध असला तरी. म्हणून असं करा: चालीच्या प्रत्येक ओळीखाली जोराच्या मात्रांना खूण करा. मग इंग्रजी ओळ नुसती बोलून बघा, कुठल्या अक्षरांवर जोर येतो ते अधोरेखित करा. खुणा आणि रेघा जुळल्या नाहीत तिथे शब्द बदला, चाल ओढू नका.

दुसरं, फ्रेंच शब्दांच्या शेवटचा मूक 'अ'. बोलताना गळतो, गाताना बऱ्याचदा पूर्ण अक्षर होऊन येतो. एका ओळीत असे दोन आले की बोलताना आठ अक्षरांची ओळ गाताना दहाची होते. इंग्रजी रूपात ही दोन अक्षरं कुठून आणायची? भरतीचे शब्द टाकू नयेत. सूर लांबवावा किंवा गिटारला जागा द्यावी. उलट दिशेला, इंग्रजीहून फ्रेंच करताना, ओळ जवळपास नेहमीच लांबते. तेव्हा वाद्यांचा ट्रॅक करतानाच ओळींच्या मध्ये दोन मात्रा मोकळ्या ठेवल्या तर दोन्ही आवृत्त्यांना एकच ट्रॅक चालतो.

वरच्या सुरांवर कुठला स्वर येतो तेही बघा. ध्रुवपदाचा सगळ्यात उंच सूर फ्रेंचमध्ये उघड्या 'आ'वर असेल आणि इंग्रजीत तिथे 'ई' आला तर आवाज चिमटल्यासारखा होतो. शब्द बदलता येत नसेल तर त्या आवृत्तीची पट्टी अर्ध्या सुराने उतरवा. फ्रेंचमधला ओठांचा चंबू करून म्हणायचा 'इ' आणि 'उ'च्या मधला स्वर उंचावर आणखी घट्ट होतो, तिथे जबडा थोडा सैल सोडायचा. अनुनासिक स्वरांत आधी तोंडातून सूर धरायचा आणि नाकाचा रंग शेवटी लावायचा, नाहीतर लांब सूर बंद डब्यातून आल्यासारखा लागतो.

क्वेबेकी उच्चार हा वेगळाच विषय. तिथे 'इ' आणि त्या चंबूच्या स्वराआधीचा 'त' हा आपल्या 'चमचा'तल्या दंत्य 'च'सारखा होतो, आणि 'द' हा 'जहाज'मधल्या 'ज'कडे झुकतो. मराठी घरातल्या मुलीला हे सहज जमतं. गाताना तो ठेवायचा की फ्रान्सच्या वळणाला जायचं हे एकदाच ठरवा आणि पूर्ण ईपीभर पाळा. एका गाण्यात पॅरिस आणि दुसऱ्यात क्वेबेकचं साग्ने असं झालं की फ्रेंच समीक्षक पहिल्या परिच्छेदात तेच लिहितात.

रेकॉर्डिंगला दोन्ही आवृत्त्या शक्यतो एकाच माइकवर, त्याच अंतरावर, एका पाठोपाठच्या दिवशी. इंग्रजीत 'स' आणि 'श'ची शिट्टी जास्त येते, त्यामुळे डी-एसरची (ही शिट्टी कमी करणाऱ्या यंत्रणेची) सेटिंग एका आवृत्तीवरून दुसरीवर जशीच्या तशी टाकू नका. ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात कानाने पुन्हा लावा.

---

दादरचा_पोस्टमन

अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. तीन उपप्रश्न:

(क) वाद्यांचं रेकॉर्डिंग पुण्यात केलं तर खर्च बराच वाचेल. त्याने कॅनेडियनपणा जातो का?
(ख) एका गाण्यात तिने आजीची एक ओवी मराठीतच ठेवली आहे. काढावी का?
(ग) फ्रेंच आहे म्हटल्यावर फ्रान्समध्ये जावं असं तिच्या डोक्यात आहे.

---

मेपलपान

(क) चार निकष आहेत: संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रणाची जागा, गीत. चारांपैकी दोन कॅनेडियन असले की गाणं कॅनेडियन. भाची स्वतः लिहिते, चाल बांधते, गाते, म्हणजे तीन तिथेच झाले. पुण्यात रेकॉर्ड केलं तर फक्त जागेचा निकष जाईल. कॅनेडियन म्हणजे नागरिकच असं नाही, कायमच्या रहिवासाचा परवाना असलेली व्यक्तीही चालते. गडबड होते ती पुण्याच्या अरेंजरला "संगीत सहकारी" म्हणून श्रेय दिलं की. १९९१मध्ये ब्रायन अॅडम्सचा अल्बम नेमका असाच अडकला होता, दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या निर्मात्याबरोबर गाणी लिहिली म्हणून. तो कॅनडाचा त्या काळचा सगळ्यात मोठा रॉक गायक, आणि गाणी मात्र कॅनेडियन नाहीत! ओरड झाल्यावर सहलेखनासाठी नियम सैल केला: संगीत आणि गीत दोन्हींत किमान निम्मं श्रेय कॅनेडियन व्यक्तीचं असावं. तेव्हा अरेंजरला अरेंजर म्हणूनच श्रेय द्या आणि मेहनताना एकरकमी द्या.

मात्र अनुदान घेणार असाल तर पुण्याचं बिल धरतात का ते आधी विचारा. परदेशातल्या खर्चावर योजनांच्या अटी असतात, वाचवलेले पैसे तिथे जाऊ शकतात.

(ख) मुळीच काढू नका. चार ओळींच्या ओवीने टक्केवारी फारशी हलत नाही, फक्त शब्द मोजताना ती "फ्रेंच नाही" या बाजूला जाईल एवढं लक्षात ठेवा. कॅनडातल्या सर्वोत्तम अल्बमचा पोलारिस पुरस्कार २०२२ साली मॉन्ट्रियलच्या पिएर क्वेंडर्सला मिळाला, तो लिंगाला, फ्रेंच, इंग्रजी आणि आणखी कांगोली भाषांत गातो. २०१०मध्ये कार्क्वा या गटाने तो पूर्ण फ्रेंच अल्बमवर पहिल्यांदा जिंकला. त्या पुरस्काराला भाषेचा रकानाच नाही. ओवी पारंपरिक असेल तर सोकॅनच्या नोंदीत तेवढा भाग पारंपरिक म्हणून दाखवा, स्वतःच्या नावावर घालू नका.

---

बॅगपॅकवाली_हार्मोनियम

मंच आणि दौरे यांवर लिहिते, कारण (ग) त्यातच येतो.

क्वेबेकमधली सभागृहं कार्यक्रम एक-दीड वर्ष आधी विकत घेतात. फेब्रुवारीत क्वेबेक शहरात रिदो भरतं, तिथे सभागृहचालक छोटे नमुना-कार्यक्रम बघून पुढचा हंगाम ठरवतात. त्याआधीची पायरी म्हणजे स्पर्धा: मॉन्ट्रियलचं फ्रँकूव्हर्त, ग्रँबीचा महोत्सव. दोन्ही फ्रेंच गाण्याभोवती बांधलेल्या आहेत, त्यामुळे अर्जात इंग्रजी गाणं पुढे करू नये. इंग्रजीसाठी आणि मिश्र कार्यक्रमासाठी पॉप मॉन्ट्रियल आणि एम पूर मॉन्ट्रियल हे महोत्सव, दोन्ही शरद ऋतूत. रुइन-नोरांदाचा एफएमई महोत्सव सप्टेंबरच्या आसपास, लांब आहे पण पत्रकार तिथे येतात.

क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच कॅनडाकडे मॉन्ट्रियलचे लोक बघतच नाहीत, आणि दोन भाषांच्या गायिकेचा खरा फायदा तिथेच आहे. न्यू ब्रन्सविक, ओंटारिओ, मॅनिटोबातलं सँ-बोनिफास. न्यू ब्रन्सविकमधल्या मंक्तनला नोव्हेंबरमध्ये फ्रँकोफेत हा कार्यक्रम विकत घेण्याचा बाजार भरतो, ओंटारिओचा असाच बाजार जानेवारीत. तिथले श्रोते घरात फ्रेंच आणि दुकानात इंग्रजी बोलतात, निवेदन मध्येच भाषा बदललेलं त्यांना आपलं वाटतं. शिवाय इंग्रजी भागात हजारो मुलं फ्रेंच माध्यमाच्या 'इमर्शन' वर्गांत शिकतात, आणि त्या शाळांना फ्रेंच गाणारे, पण मुलं गोंधळली की इंग्रजीत सांभाळून घेणारे कलाकार हवेच असतात. पन्नास मिनिटांचा कार्यक्रम, सकाळी दहाला, ध्वनियंत्रणा स्वतःची. यात झगमगाट शून्य, पण आठवड्यात चार शाळा झाल्या की दौऱ्याचा पेट्रोल-निवास खर्च निघतो आणि संध्याकाळी क्लबमध्ये वाजवता येतं.

क्वेबेकच्या गावांत मात्र निवेदन फ्रेंचमध्येच. इंग्रजी गाणं गायलं तर चालतं, इंग्रजीत "हाऊ आर यू टुनाइट" चालत नाही. २००९ साली मॉन्ट्रियलमध्ये २४ जूनच्या राष्ट्रीय सणाच्या एका कार्यक्रमातून दोन इंग्रजी गाणाऱ्या कलाकारांना आधी वगळलं आणि गदारोळ झाल्यावर परत घेतलं होतं. त्या दिवसाचं आमंत्रण आलं तर यादी पूर्ण फ्रेंच ठेवलेली बरी.

फ्रान्स: तिथेही रेडिओला कोटा आहे. १९९४च्या कायद्याने आणला, १९९६पासून लागू, मूळ आकडा ४० टक्के. त्यात फ्रेंच भाषेतलं गाणं मोजतात, गायक फ्रान्सचाच हवा असं नाही, म्हणजे क्वेबेकचं गाणंही धरलं जातं. रचनेचे पैसे सासेम ही तिथली संस्था गोळा करते आणि सोकॅनकडे पाठवते, वेगळं सभासदत्व लागत नाही. अडचण मैफलीत आहे. फ्रान्समध्ये मंचावरचा कलाकार कायद्याने पगारी कर्मचारी धरला जातो. भाचीने कॅनडातून बिल पाठवलं आणि आयोजकाने पैसे दिले, असं सरळ होत नाही. आयोजकाला पगारपत्रक करावं लागतं आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागते. अधूनमधून कार्यक्रम करणाऱ्या छोट्या आयोजकांसाठी गूझो नावाची एकखिडकी सोय आहे. त्यामुळे मानधन ठरवताना आकडा वर्गणी कापण्याआधीचा की हातात पडणारा, हे ईमेलमध्ये लिहून घ्या. दोन्हींत चांगलाच फरक पडतो.

अमेरिका सीमेपलीकडे तासाभरावर दिसते म्हणून कोणी गिटार घेऊन असंच जाऊ नये. कॅनडाच्या नागरिकाला व्हिसाचा शिक्का लागत नाही, पण पैसे घेऊन वाजवायचं तर संगीतकार संघटनेमार्फत पी-२ परवानगी आधी मंजूर करून घ्यावी लागते. लुइझियानातल्या लाफायेतचा आंतरराष्ट्रीय महोत्सव फ्रेंच गाण्याला जवळचा आहे, पण परवानगीशिवाय तोही नाही.

मैफलीनंतर गाण्यांची यादी सोकॅनकडे भरायची. तिकिटाच्या मैफलीत आयोजक एकूण विक्रीच्या ३ टक्के परवानाशुल्क सोकॅनला देतो, आणि तुम्ही यादी भरली नाही तर त्यातलं काही तुमच्या नावावर पडत नाही. यादीत फ्रेंच आवृत्ती गायली की इंग्रजी, ते नोंदणीतल्या शीर्षकाप्रमाणेच लिहा.

---

दादरचा_पोस्टमन

शेवटचा एक, हिशेबनीसांना. दोन भाषांतल्या आवृत्त्या एकाच दिवशी सोडाव्यात का? तिची तशी इच्छा आहे, एकदम धमाका म्हणून.

---

हिशेबनीस

नको. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एका वेळी एकच अप्रकाशित गाणं सुचवता येतं, तेही प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी. प्रत्यक्षात तीन-चार आठवडे आधी द्यावं. दोन आवृत्त्या एकाच दिवशी आल्या की एक सुचवायची राहतेच.

दुसरं कारण आकड्यांचं. २०२४पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत एक हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मास्टरचे पैसे मिळत नाहीत. हे प्रत्येक आयएसआरसीला स्वतंत्र लागू आहे. म्हणजे फ्रेंच ७०० आणि इंग्रजी ६०० झालं तर एकूण १३०० वेळा ऐकूनही हाती शून्य. नव्या गायिकेने प्रत्येक गाण्याच्या दोन आवृत्त्या काढत सुटण्याआधी हे गणित मांडावं. क्रिस्तीन अँड द क्वीन्सने २०१८मध्ये अख्खा अल्बम दोन्ही भाषांत काढला, पण तोवर तिचा श्रोतृवर्ग दोन्ही बाजूंना तयार होता.

माझ्या मते आधी फ्रेंच ईपी, त्यातलं जे गाणं सगळ्यात जास्त ऐकलं जाईल त्याचीच इंग्रजी आवृत्ती सहा-आठ आठवड्यांनी. दुसरी लिहून झालेली आवृत्ती मैफलीत गाऊन बघा, रेकॉर्डिंगचा खर्च नंतर.

आणि वाद्यांसाठी इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला बीट (तयार वाद्यांचा ट्रॅक) वापरत असाल तर यूट्यूबच्या कंटेंट आयडीला, म्हणजे तुमचा आवाज इतर व्हिडिओंत आपोआप शोधून दावा लावणाऱ्या यंत्रणेला, टिक करू नका. तोच बीट इतर पन्नास जणांनी घेतलेला असतो, मग त्यांच्या व्हिडिओंवर तुमचे दावे आणि तुमच्या व्हिडिओवर त्यांचे. पुण्यात वाजवून घेतलेला ट्रॅक असेल तर खुशाल करा, पण पैसे देतानाच वादकांकडून हक्क सोडल्याच्या सह्या घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.